दोन तासांचा हिशेब

गेल्या पौषात आमच्या भागातल्या एका गावी महिला मंडळाची बैठक होती. विषय नेहमीचाच, दारू. आठच दिवसांपूर्वी त्या गावच्या फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांची धडक होऊन एक तरुण मुलगा गेला होता. बायका संतापलेल्या होत्या आणि संताप रास्तच होता. ठराव लिहायला मला बसवलं. "लिवा ताई, पेऊन गाडी चालवनाऱ्याला जामीन देऊ नका, वकील देऊ नका, सरळ फाशी द्या." 'दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांवर कठोर कारवाई व्हावी' इथपर्यंत मी लिहिलं. 'वकील देऊ नका' या शब्दांपाशी हात थांबला. एका म्हातारीच्या ते बरोबर लक्षात आलं. "कामून थांबल्या?" तिनं विचारलं. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर तेव्हा माझ्यापाशी तयार नव्हतं. गेले काही महिने ते शोधते आहे. आपल्यापैकी अनेकजणी दारूविरोधी कामात आहेत, म्हणून ते इथं मांडते.

हात थांबला त्याचं कारण असं, की त्याच अपघातातल्या ट्रॅक्टर ड्रायव्हरची बायको दोन दिवसांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात येऊन गेली होती. (दोघा कुटुंबांची नावं, गावं लिहीत नाही. काही खुणाही बदलल्या आहेत.) ती आम्हाला नवी नव्हती. याआधी दोनदा आली होती, दोन्ही वेळा अंगावर वळ घेऊन. या खेपेला आली ती त्याच नवऱ्याचे कागद पिशवीत घालून. म्हणाली, "ताई, मी त्याची बाजू घ्यायला आले नाही. तो पेतो. पेऊन मारतो, तुम्ही पाहिलंय. वर्षातले तीनशे दिवस पेतो. पण त्या रात्री पेलेला नव्हता. दोन दिवस कारखान्यावर नंबरात अडकला होता, खिशात दमडी नव्हती. पेनार कशानं?" आणि मग जरा थांबून, "मला मारलं तेव्हा ठाण्यात म्हनले, घरचं भांडण घरी मिटवा. तेव्हा दारू कोनाला दिसली नाही. आता गाडी ठोकली तर लगेच दिसली."

खरं सांगायचं तर माझा तिच्यावर लगेच विश्वास बसला नाही. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला कायद्याचा एक पेपर होता. त्यात 'आरोपी' हा शब्द आला की डोळ्यांपुढे छळ करणारा नवरा, सासरा, बलात्कारी हेच यायचे. बाईचं म्हणणं खरं मानून चालायचं, हे पुढं कामातून अंगवळणी पडलं. इथे मात्र बाईच आरोपीच्या बाजूनं उभी होती आणि जो गेला त्याचीही बायको होती. कुठल्या बाईवर विश्वास ठेवायचा? शेवटी मी कागदांकडे वळले.

कागदांवरून एवढं दिसलं. अपघात रात्री आठच्या सुमाराचा. नऊच्या आत ड्रायव्हर ताब्यात. श्वास तपासण्याचं यंत्र वापरल्याची नोंद नाही. दवाखान्यात नेलं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला. डॉक्टरांच्या कागदावर 'तोंडाला मद्याचा वास' असा शेरा, पुढे 'चाल स्थिर', आणि रक्ताचा नमुना तेव्हा घेतलेला. म्हणजे मध्ये साडेचौदा तास गेले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १८५ दारू पिऊन वाहन चालवण्याबद्दल आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड दोन हजारांपर्यंत होता. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. ही माहिती बहुतेक कार्यकर्त्यांना असते, आपल्या पोस्टरांवरही असते. पोस्टरवर नसतं ते पुढचं. कलम २०२ सांगतं की या गुन्ह्यासाठी अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडलं पाहिजे. सोडणं म्हणजे खटला संपणं नव्हे, आणि दुसरी कलमं लागली असतील तर ती आपल्या जागी राहतात. पण दोन तास हे दोन तास.

हा हक्क कायद्यानं आरोपीला दिला आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, हे काय, पिणाऱ्याला पळवाट! मग ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी साधा हिशेब सांगितला. रक्तातला मद्यार्क शरीर स्वतःच जाळत असतं, तासाला साधारण दहा ते वीस मिलिग्रॅम या वेगानं. रात्री आठला एखाद्याच्या रक्तात शंभर मिलिग्रॅम असला, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून जास्त, तरी सकाळी साडेअकरापर्यंत काहीच उरणार नाही. आणि जो मुळात प्यालाच नव्हता त्याचाही अहवाल तोच येणार. म्हणजे साडेचौदा तासांनी घेतलेलं रक्त प्यालेल्याला आणि न प्यालेल्याला एकाच ओळीत बसवतं. उरतो तो वासाचा शेरा. रात्रभर कोठडीत, उपाशी, तंबाखू खाल्लेल्या माणसाच्या तोंडाच्या वासाचा.

आणि वासावर फौजदारी खटला टिकत नाही. मुंबईतल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात, बच्चूभाई करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७१ सालीच सर्वोच्च न्यायालयानं म्हणून ठेवलं आहे की तोंडाला वास होता, चालताना तोल जात होता, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून माणूस प्याला होता असं सिद्ध होत नाही. पन्नासहून अधिक वर्षं झाली या निकालाला. तरी आमच्याकडे अजून वासच लिहिला जातो.

म्हणजे ही बाई खरं बोलत असेल तर तिचा नवरा नाहक महिनोन्‌महिने तारखा खाणार. खोटं बोलत असेल तर तो आरामात सुटणार. दोन्हींचं कारण एकच, दोन तासांत कुणी त्याला दवाखान्याच्या पायरीवर नेलं नाही.

दुसरीकडे मी बरीच उशिरा गेले. जावं की नाही हेच कळत नव्हतं, कारण पहिलीचे कागद मी वाचलेले होते. चोविशीतली पोर. पदरात दीड वर्षाचं लेकरू. दीर, सासरा ओसरीवर बसलेले, ती आत. मी भरपाईचं, अर्जाचं बोलू लागले तर तिनं अडवलं. "ते मंग बघू. आधी मला सांगा, तो पेलेला व्हता का न्हवता?" मी म्हटलं, ते आता सांगता येणार नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. "दवाखान्यात नेलता म्हनत्यात की." नेला होता, पण उशिरा. "मंग कोन सांगनार?"

मैत्रिणींनो, हे मला फार लागलं. आपण समजतो की आरोपीचे हक्क हे मेलेल्याच्या घरच्यांच्या विरुद्ध असतात. इथे आरोपीचा हक्क तुडवला गेला आणि त्यानं मेलेल्याच्या बायकोलाच उत्तर मिळेनासं झालं. आपला माणूस कशानं गेला हे कळणं हाही हक्कच आहे. तो कुठल्या कलमात नाही इतकंच.

मुंबई-पुण्याच्या गाजलेल्या प्रकरणांकडे या नजरेनं पुन्हा पाहिलं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक अ‍ॅलिस्टर परेरा. त्याच्या रक्ताचा अहवाल नोंदीत होता, ०.११२ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम. खालच्या न्यायालयानं निष्काळजीपणाखाली अवघी सहा महिने शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयानं २००७ मध्ये सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. चालक पैसेवाल्या घरचा होता, मेलेले रस्त्यावर काम करणारे, तिथेच झोपणारे लोक. तरी शिक्षा टिकली.

त्याच वांद्र्यात २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री बेकरीबाहेर झोपलेल्यांवर गाडी गेली. एक मेला, चार जखमी. अभिनेता सलमान खान याला सत्र न्यायालयानं मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. त्या निकालातल्या अनेक मुद्द्यांपैकी एक रक्ताचा होता. नमुना घेतला कसा, ठेवला कुठे, प्रयोगशाळेत पोचला कसा, याची साखळी न्यायालयाला पटली नाही. आपल्यापैकी पुष्कळजणी तेव्हा न्यायाधीशांवर चिडल्या होत्या, मीही. आज वाटतं, त्यातला निम्मा राग बाटलीच्या त्या सीलवर काढायला हवा होता.

आणि पुणे. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. दोन तरुण अभियंते, त्यातली एक मुलगी, जागीच संपले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळानं दिलेल्या जामिनाच्या अटींत रस्ता अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, त्यावर देशभर गदारोळ झाला. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा आणि ससूनमध्ये रक्त घेतलं ते सकाळी अकराच्या सुमाराला. पुढे पोलिसांनीच आरोप ठेवला की तेही रक्त बदलण्यात आलं, आणि जे ठेवलं ते मुलाच्या आईचं होतं. ससूनच्या दोन डॉक्टरांना आणि पुढे त्या आईला अटक झाली. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. मला राहून राहून त्या आईचं नवल वाटतं. हा आरोप खरा असेल तर मुलाच्या दारूची भरपाई आईच्या रक्तानं, याहून आपल्या घरांचं नेमकं चित्र कुठलं असेल? आमची ड्रायव्हरची बायको दहा हजारांचा दंड कुठून आणणार हे मला आत्ताच ठाऊक आहे. बचत गटातून उचलणार.

पण इथे माझ्याच म्हणण्याला एक आडवा प्रश्न येतो आणि तो मंडळातल्या बायकांनी विचारलाच. आरोपीचे हक्क वापरता कुणाला येतात? ज्याच्यापाशी वकील आहे त्याला. जुलै २०२४ मध्ये वरळीला मासळी घेऊन स्कूटरवरून घरी चाललेल्या कोळी नवराबायकोला मोटारीनं उडवलं, बाई फरफटत गेली आणि मेली. चालवणाऱ्या तरुणावर दारू पिऊन चालवल्याचाही आरोप होता. अपघात ७ तारखेचा, तो हाती लागला ९ तारखेला. दोन दिवसांनी रक्तात काय सापडणार? आणि त्यानंच सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण नेलं की मला अटकेची कारणं लेखी दिली नाहीत. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायालयानं निकाल दिला: गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं अटक झालेल्या माणसाला लेखी द्यायची, त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि लगेच शक्य नसेल तर निदान दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याआधी दोन तास तरी द्यायची. तसं झालं नाही तर अटक बेकायदा.

बातमी वाचून आमच्या एक कार्यकर्त्या ताई म्हणाल्या, "बघा, श्रीमंताच्या पोरासाठी कायदा कसा वाकतो." मी त्यांना एवढंच विचारलं, आपल्याकडच्या किती बायका अटकेचा कागद वाचून दाखवा म्हणून आपल्याकडे येतात? जमिनीच्या भांडणात धरलेली, नवऱ्याच्या गुन्ह्यात ओढलेली, हातभट्टी गाळताना पकडलेली विधवा. तिला तिच्या भाषेत, लेखी, कारण मिळणं ही काय साधी गोष्ट आहे? आमच्या भागात लमाण तांडे आहेत, आंध आदिवासींची गावं आहेत. मराठीतला पोलिसी कागद तिथे मराठीतच असूनही परका असतो. 'सदर इसम', 'नमूद वाहन', 'मद्यार्काचे अमलाखाली'. मला पदव्युत्तर शिक्षण घेऊन तो दोनदा वाचावा लागतो. निकाल कुणी मिळवला याचा राग येऊ द्या, पण तो मागून घ्यायचं सोडू नका. वरळीच्या त्या कोळणीच्या घराला न्याय मिळायचा आहे तो अटकेचा कागद नीट लिहिल्यानं अडणार नाही, न लिहिल्यानं मात्र अडू शकतो.

आता ज्यांच्याबद्दल कुणीच ठराव करत नाही त्यांच्याकडे येते. मालक.

उसाच्या हंगामात आमच्या वसमत, कळमनुरीकडच्या रस्त्यांवर रात्री उभं राहून पाहा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. ड्रायव्हर दोन-दोन रात्री जागा. खेपेवर पैसे, म्हणून खेप वाढवायची. झोप उडवायला आणि अंगदुखी मारायला मालक किंवा मुकादम स्वतःच क्वार्टर हातात ठेवतो. काही ठिकाणी ती मजुरीतून कापलीही जाते. मोटार वाहन कायद्यात कलम १८८ आहे. कलम १८५ च्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल, साथ देईल, त्यालाही तीच शिक्षा. स्वतःच्या हातानं बाटली आणि किल्ली देणारा मालक यात बसतो की नाही, हे न्यायालयानं ठरवावं, पण त्यासाठी कुणी तरी ते कलम लावायला तर हवं! इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात एकदाही लावलेलं नाही. 'ड्रायव्हर प्यालेला होता' असं एकदा लिहून टाकलं की विझलेला दिवा, फुगलेली ट्रॉली, दोन रात्रींचं जागरण सगळं त्या एका ओळीखाली गाडलं जातं. आमच्या या अपघातात तेच झालं असावं असा मला संशय आहे. पंचनाम्यात ट्रॉलीच्या मागच्या दिव्याबद्दल एक अक्षर नाही.

ट्रॅक्टरच्या सीटवर कोण बसलं आहे, कुठल्या स्थितीत बसलं आहे, याच्याशी बायकांचा संबंध काय, असं कुणाला वाटेल. ४ एप्रिल २०२५ ला वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बायका ट्रॅक्टरमधून कामाला चालल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला आणि सात जणी बुडून मेल्या. तिथे दारूचा संबंध होता असं मी मुळीच म्हणत नाही. सांगायचं ते इतकंच की आमच्याकडे ट्रॉलीत बसणारी, ट्रॉलीखाली सापडणारी आणि ट्रॉली चालवणाऱ्याच्या घरी वाट पाहणारी, तिन्ही बायकाच आहेत.

थोडं व्यवहाराचं. कलम १८५ चा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटवता येत नाही, तो न्यायालयातच जातो. म्हणून रस्त्यावर 'पाच हजार द्या, मिटवतो' असं कुणी म्हणालं तर तो दंड नव्हे, लाच आहे, आणि ती बहुधा बायकोच्या डोरल्यातून जाते. हा गुन्हा जामीनपात्र आहे. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या पहिल्या पोटकलमाचा गुन्हाही जामीनपात्रच आहे. म्हणजे 'जामीन देऊ नका' हा आमचा ठराव तसाही कायद्यात बसत नव्हता. सदोष मनुष्यवध लावला तर गोष्ट वेगळी. फुंकर मारायला किंवा रक्त द्यायला विनाकारण नकार दिला तर तो नकारच न्यायालयात विरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकतो, तेव्हा 'फुंकूच नकोस' असला गावठी सल्ला देऊ नये. रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसू नये, बाटलीला सील आपल्यासमोर लागावं, त्यावर वेळ घालावी. हे आरोपीनं मागायचं, आणि खरं तर मेलेल्याच्या घरच्यांनीही मागायचं. अपघातात चालक स्वतःच जखमी होऊन दवाखान्यात असेल तर तिथल्या डॉक्टरांच्या हरकतीविरुद्ध ही तपासणी करता येत नाही.

आणि बाई चालक असेल तर? स्कूटी आता आमच्या शिक्षिका, आशाताई, सगळ्याजणी चालवतात. कलम २०४ म्हणतं की रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी कुणी बाई हजर असल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. आमच्या शिबिरात हे सांगितलं तेव्हा हशा पिकला, "आमी कव्हा पेनार!" पण अपघात न पिताही होतो आणि नेलं सगळ्यांनाच जातं.

तरुणाच्या बायकोसाठी मी जे करू शकले ते भरपाईच्या अर्जाचं. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत कायद्यात आली आहे. सुतक, दिवस, दिराची नाराजी, यात हे सहा महिने कसे जातात कळत नाही. गावात तिला कुणी सांगितलं होतं, "ड्रायव्हर पेलेला होता, म्हणजे विमावाले एक पैसा देणार नाहीत." असं नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या बाबतीत कंपनी हात वर करू शकते. तिथे तर सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रक्ततपासणी नसली तरी इतर परिस्थितीवरून ठरवता येईल असं म्हटलं आहे. पण रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा जीव गेला असेल तर प्रश्न निराळा. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं की अशा वेळी कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग ती संबंधितांकडून वसूल करावी. वकिलाची फी हाही अडसर नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्यात बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि कोठडीतल्या माणसालाही मिळतो. म्हणजे या दोन्ही घरांना एकाच खिडकीवरून वकील मिळू शकतो. तसे ते मिळाले. 'वकील देऊ नका' म्हणणाऱ्या म्हातारीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग पोरीला आधी द्या." तेही बरोबरच आहे.

दुकानाबद्दल एक शब्द. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितलं, मग मार्च २०१७ मध्ये लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आलं, आणि नगरपालिकांच्या हद्दीला सूट मिळाली. फाट्यावरचं दुकान चार पावलं सरकलं की झालं. त्यापेक्षा गावातल्या बायकांनी मतदानानं बाटली आडवी करण्याची, २००८ च्या नियमांतली वाट मला अजून भरवशाची वाटते. पण तो वेगळा लेख होईल.

ठराव आम्ही पुन्हा लिहिला. फाशी गेली, जामिनाचं आणि वकिलाचं वाक्य गेलं. बायका खूश नव्हत्या. "इतकं मऊ लिहून कोन ऐकनार," असं दोघी-तिघी म्हणाल्या, आणि एक जण सही न करता उठून गेली. तिचा भाऊ असाच अपघातात गेलेला आहे. मी तिला थांबवलं नाही. नव्या ठरावात तीन मागण्या आहेत: या गुन्ह्यात धरलेल्या प्रत्येकाची दोन तासांत तपासणी व्हावी आणि अटकेची वेळ व तपासणीची वेळ शेजारीशेजारी लिहावी, श्वास तपासणारं यंत्र रात्री ठाण्यातच असावं, आणि उसाच्या वाहनाच्या अपघातात मालकाचाही जबाब घ्यावा.

ड्रायव्हर आता जामिनावर घरी आहे. बायको सांगते, पिणं सुरूच आहे. मागच्या आठवड्यात तिनं पुन्हा मार खाल्ला. या वेळी तिची तक्रार कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांकडे दिली आहे. एकाच माणसाच्या एका प्रकरणात मी त्याच्या हक्कांसाठी भांडते आहे आणि दुसऱ्यात त्याच्याविरुद्ध. आमच्या केंद्रातल्या नव्या मुलीला हे अजून पचत नाही.

माहिती अधिकारात एक अर्ज टाकला आहे. गेल्या वर्षभरात कलम १८५ खाली किती जणांना अटक झाली आणि त्यातल्या किती जणांची तपासणी दोन तासांच्या आत झाली, एवढंच विचारलं आहे. अर्जावर सही त्या तरुणाच्या बायकोची आहे. तिनंच मागून घेतली.